सूर्यास्ताच्या आत

विश्रामबाग, सांगली
१४ जुलै

चि. ब्राह्मी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला अकॅडमीत सोडून मदन काल परत आला आणि चप्पल काढायच्या आधीच त्याने तक्रारी सुरू केल्या. फलटण-लोणंद रस्त्याला पत्र्याच्या दोन लांब खोल्या, मधे मैदान, बाकी सगळा ऊस. मोबाईल पहिल्याच दिवशी काढून घेतले आणि आता फक्त रविवारी दहा मिनिटं फोन. ती दहा मिनिटं तुझा बाप एकटाच संपवणार हे मला माहीत आहे. माझा भाऊ आहे तो. म्हणून मी पत्रं लिहायचं ठरवलं. सरांची पत्राला हरकत नाही हे मी आधीच विचारून घेतलं आहे.

आता स्पष्ट बोलते. गेल्या वर्षीच्या पोलीस भरतीत आठशे मीटरला तुला तीन मिनिटं बावीस सेकंद लागले आणि तू मैदानातच बाद झालीस. या वेळीही तेच झालं तर जयसिंगपूरच्या स्थळाला होकार कळवायचा, असं मदनने ठरवलं आहे. स्थळ वाईट नाही, मुलगाही बरा आहे. पण तू केवळ थकून 'बरं' म्हणशील, ते मला बघवणार नाही.

तू काहीच शेवटपर्यंत नेत नाहीस, हे तुझं दुखणं. तबला तीन महिने, पोहणं एक उन्हाळा, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष सहामाहीपर्यंत. म्हणून तर मी तुला बस्तीत, देवळात नेऊन मुनिमहाराजांसमोर उभं केलं आणि नियम घ्यायला लावला, की भरतीचं मैदान होईपर्यंत सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत अन्न घ्यायचं नाही. आपल्या घरातल्या बायका हे जन्मभर करतात, त्यात मोठेपणा नाही. पण रोज एका वेळी स्वतःला 'नको' म्हणता आलं की पहाटे साडेचारला उठताही येतं, असा माझा अनुभव आहे.

दर महिन्याला आठशेची वेळ कळव. मी आलेखाचा कागद आणला आहे.

माया आहेच. दाखवायची पद्धत ही अशी आहे, चालवून घे.
तुझी आत्ती
आक्काताई


अकॅडमी, फलटण
२४ जुलै

ती. स्व. आत्तीस,
जय जिनेंद्र. शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे माझं प्रगतिपुस्तक आहे, फक्त पालकांची सही तेवढी राहिली. आलेखाचा कागद! आत्ती, तू निवृत्त झालीस त्याला सहा वर्षं झाली. शाळेला हे कळलं आहे, तुला अजून कळलेलं नाही.

इथे ठीक आहे. पहाटे पावणेपाचला शिट्टी होते. मानसिंग सर फौजेतले आहेत, त्यांना 'दमले' हा शब्दच ऐकू येत नाही. सकाळी धावणं, दुपारी लेखीचे वर्ग, चारपासून सव्वासहापर्यंत पुन्हा मैदान. शेजारच्या कॉटवर सोनिया आहे, आटपाडीकडची. तिचे आई-बाबा मेंढरं घेऊन फिरतात. ती चालते तेवढ्या वेगाने मी धावते. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं की तुमच्यात मटण नाही, अंडं नाही, कांदा नाही, मग तुम्ही मोठे होता कशावर.

तुझ्या नियमाचं व्यवस्थित चाललं आहे. सगळ्यांचं जेवण आठला असतं. मैदान सुटलं की बाकीच्या अंघोळीला पळतात आणि मी स्वयंपाकघरात. हरणाबाई मावशी मला भाकरी आणि उसळ आधी वाढतात. सूर्य सातच्या पुढे मावळतो, त्यामुळे सावकाश जेवता येतं. पोरींनी माझं नाव 'सूर्यास्त' ठेवलं आहे. कुणी कुणी तर उशीर झाला की मला हाक मारून वेळ विचारतात.

आठशे मीटर : तीन मिनिटं सोळा. लाव तुझ्या कागदावर.

लोभ कमी कर म्हणत नाही, पण सूचना जरा कमी कर.
तुझी
ब्राह्मी


विश्रामबाग
९ ऑक्टोबर

चि. ब्राह्मीस,
अनेक आशीर्वाद.

दोन मिनिटं सत्तावन्न! तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग अतिशयला वाचायला लावलं. तुझ्या भावाने मोबाईलवरची नजर न उचलता 'भारी' म्हटलं. त्याच्याकडून तेवढंच मिळतं, ते आपलं म्हणून घे.

आलेखातली रेघ सुरेख खाली आली आहे. दोन पन्नासच्या आत पूर्ण गुण, असं तू लिहिलं होतंस. म्हणजे सात सेकंद राहिले. अर्ज सातारा जिल्ह्यासाठी भरलास ते बरं केलंस. मैदान फेब्रुवारीत धरलं तर चार महिने हातात आहेत. आता मात्र ढिलाई नको. तुझा इतिहास असा आहे की जमायला लागलं की तुला कंटाळा येतो.

मदन जयसिंगपूरच्या लोकांना अजून 'बघू' एवढंच सांगतो. मी त्याला टोकत नाही. तूही फोनवर तो विषय काढू नकोस.

गूळ-शेंगदाण्याचे लाडू पाठवते आहे. सोनियाला दे. मोठं होण्याबद्दलच्या तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे म्हणावं.

आशीर्वाद कायमचे, बाकी सगळं निकालावर.
आत्ती


अकॅडमी, फलटण
९ नोव्हेंबर

ती. स्व. आत्तीस,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळीला घरी आले नाही म्हणून बाबा फोनवर दहातली सहा मिनिटं गप्पच होते. चार दिवस सराव सोडला असता तर तूच मला घरात घेतलं नसतंस, हे त्यांना तू सांग. मी सांगून दमले.

तुझे लाडू पोचले. सोनियाने उत्तर खाल्लं आणि प्रश्न परत विचारला.

लेखीचा अभ्यास आता चांगला होतो. आठ वाजता सगळ्या जेवायला जातात तेव्हा खोलीत कुणी नसतं, मला तासभर शांतता मिळते. सामान्य ज्ञानाची दोन पुस्तकं वाचून झाली. गणिताचं मात्र विचारू नकोस.

आठशे : तीन मिनिटं चार. मागच्यापेक्षा वाढली, मला दिसतं आहे. थंडीचं अंग मोकळं व्हायला वेळ लागतो. सर म्हणतात की माझ्या पायांत ताकद कमी पडते, म्हणून त्यांनी मला चढाचं धावणं वाढवून दिलं आहे. काळजी करू नकोस आणि यावर चार पानं लिहू नकोस.

तुझीच,
ब्राह्मी


विश्रामबाग
२३ नोव्हेंबर

चि. ब्राह्मीस,
आशीर्वाद.

चार पानं लिहिणार नाही, एकच लिहिते, पण ते नीट वाच.

रेघ वर चालली आहे. मदनला रविवारी तू तीन मिनिटं आठ सांगितलंस, ते त्याने मला आज सांगितलं, तेही जाता जाता. म्हणजे ऑगस्टमधे होतीस तिथे तू परत गेलीस. थंडीचं कारण मला देऊ नकोस. थंडी बाकीच्या चाळीस मुलींनाही वाजते.

मी तुला ओळखते. कुठेतरी लक्ष फुटलं आहे. रात्री त्या सोनियाशी गप्पा मारत बसतेस का? झोप किती घेतेस? मन एका जागी नसलं की पाय काय करतील? तीस वर्षं मी बघितलं आहे, हुशार मुलं अभ्यासाने नापास होत नाहीत, ती मधल्या महिन्यांत नापास होतात. सुरुवातीला उत्साह असतो, शेवटी भीती असते, मधे काहीच नसतं. तू आत्ता त्या मधल्या महिन्यांत आहेस.

मला राग आला आहे आणि तो लपवायची माझी इच्छा नाही. आणखी एक गोष्ट अर्धी टाकायची असेल तर तसं कळव, म्हणजे मी हा कागद फाडून टाकते.

आत्ती


अकॅडमी, फलटण
७ डिसेंबर

आक्काताई आत्ती यांना,
सोनियाचा नमस्कार.

मी तुमच्या ब्राह्मीच्या शेजारच्या कॉटवरची. मला पत्र लिवायची सवय न्हाई, चुकलं तर रागवू नगा. आन हे पत्र तिला न सांगता लिवलंय.

आवं आत्ती, तुमची चिट्टी वाचून ती रडली. ती रडणारी न्हाई, म्हणून मी लिवायला बसली. तुमी लिवलंय की ती रातच्याला गप्पा मारती. ती कशाच्या गप्पा मारती, पोटात अन्न असंल तर मारंल. आवं, ती जेवतच न्हाई. पाऊसकाळात दिस उशिरा मावळायचा तवा ती साडेसाला जेवायची. आता मैदान सव्वासाला सुटतंय आन दिस सा वाजताच बुडतोय. मंग ती म्हणती, झालं, आज गेलं. दुपारी साडेबाराला जेवती ते दुसऱ्या दिवशी सकाळच्याला. मधी नुसतं पाणी. हे दिवाळीच्या आदीपास्नं चाललंय.

आमी लय सांगितलं. हरणाबाई मावशी भाकरी झाकून ठेवती, ती हात लावत न्हाई. मी म्हटलं, गडे, सरांला सांग, मैदानातनं धा मिनिटं सोडत्याल. तर म्हणती, न्हाई, पोरी हसत्याल, जैनाच्या पोरीचं लाड म्हणत्याल. सरांला काय म्हाईत न्हाई. त्ये तिला आनखी चढावर पळवत्यात.

आमच्याकडं मेंढरं लांब न्यायची असली तर आदी चारत्यात, मंग हाकत्यात. उपाशी मेंढरू दोन कोसाच्या पुढं जात न्हाई. तुमी शिकलेली माणसं, तुमाला मी काय सांगायचं.

तिला कळलं तर माझं काय खरं न्हाई. पर सांगितलं बगा.

तुमची,
सोनिया


विश्रामबाग
१३ डिसेंबर

चि. ब्राह्मीस,

आज आशीर्वाद आधी लिहिता येत नाही.

मला सगळं कळलं आहे. कुणाकडून ते विचारू नकोस आणि त्या पोरीला एक शब्द बोलू नकोस. माझ्या घराण्यात जेवढी अक्कल नाही तेवढी तिला आहे.

हिवाळ्यात दिवस लहान होतो हे मी तिसरीच्या मुलांना शिकवलं आहे. टेबलावर संत्रं आणि मेणबत्ती ठेवून शिकवलं आहे. आणि जुलै महिन्यात तुला फेब्रुवारीपर्यंतचा नियम घ्यायला लावताना ते मलाच सुचलं नाही. घरी बसून पाच वाजता जेवणाऱ्या बाईला सुचणार कसं? आणि वर तुलाच लिहिलं की तुझं लक्ष फुटलं आहे. ते पत्र जाळून टाक.

पण ब्राह्मी, तुला काय म्हणावं! दीड महिना उपाशी पोटी चढ चढतेस आणि मला थंडीची कारणं लिहितेस? हे पत्र मिळेल त्या दिवसापासून सगळ्यांबरोबर आठला जेव. नियम मी लावला होता, मीच सोडते. महाराजांकडे जाऊन प्रायश्चित्त मी घेईन. हा विषय संपला.

आत्ती


अकॅडमी, फलटण
१९ डिसेंबर

ती. स्व. आत्तीस,
शि. सा. न.

विषय संपला नाही.

नियम तू लावलास, पण महाराजांसमोर हात मी जोडले होते. तो तुला सोडता येत नाही. तुझ्या पत्रात माझ्या सगळ्या अर्धवट गोष्टींची यादी असते, पाठ झाली आहे मला. त्या यादीत हे आलं नाही, आजपर्यंत एकशे साठच्या वर दिवस झाले. आत्ती, मी आयुष्यात सलग इतके दिवस दुसरं काहीही केलेलं नाही. आता तूच म्हणतेस की सोड. सोडलं तर धावणंही सुटेल, मला माझी खात्री आहे. एक सुटलं की माझं दुसरं सुटतं.

तुम्ही लोक मला नक्की काय सांगता ते एकदा बसून ठरवा. बाबा म्हणतात धाव नाहीतर लग्न कर. सर म्हणतात पाय कमकुवत आहेत. तू जुलैत म्हणतेस पाळ, डिसेंबरात म्हणतेस मोड. मी कुणाचं ऐकू?

रागाने लिहिते आहे. तुझ्याकडूनच शिकले.

ब्राह्मी


विश्रामबाग
२७ डिसेंबर

चि. ब्राह्मीस,
अनेक आशीर्वाद. या वेळी आधी.

तुझं पत्र वाचून मी दिवसभर पांघरूण घेऊन पडून राहिले. मदनला वाटलं मला ताप आहे. दुसऱ्या दिवशी अतिशयला म्हटलं, गाडी काढ. महाराजांचा विहार चिक्कोडीच्या बाजूला चालू आहे. त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून गेले, या वयात, पाठीला फळी बांधल्यासारखी ताठ. तो वाटेत दोनदा म्हणाला की आत्ती, जरा सैल बस.

महाराजांना सगळं सांगितलं. नियम सोडवून द्या, असं मी म्हणाले. मला वाटलं होतं की ते प्रायश्चित्त देतील किंवा रागावतील. त्यांनी एवढंच विचारलं की जेवणाची वेळ अलीकडे आणता येईल का, असं त्या शिक्षकाला कुणी विचारलं आहे का. कुणीच नाही, मी म्हटलं. मग म्हणाले की विचारून या, मग सोडण्याचं बोलू.

परत येताना सगळ्या वाटेवर मी स्वतःवर चिडत होते. तू विचारलं नाहीस, हरणाबाईंनी नाही, मी तर इथे बसून मोडून टाक म्हणाले. आपल्या घरात सोसायचं कसं ते सगळ्यांना येतं, मागायचं कसं ते कुणालाच येत नाही. तुझ्या आईनेही कधी काही मागितलं नाही. ती गेल्यावर कपाटातून तिच्या कधीच न आणलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या निघाल्या. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

तेव्हा आता माझं ऐक, हे शेवटचं सांगणं. नियम ठेव. पण सरांकडे जा आणि पंधरा मिनिटं माग. पोरी हसतील. हसू दे. हसण्याने सेकंद वाढत नाहीत, उपाशी राहण्याने वाढतात, हे मी कागदावर दाखवू शकते. मी सरांना पत्र लिहू शकले असते, लिहिलंही होतं, पण टाकलं नाही. हे तुझं तू करायचं आहेस.

जीव तुझ्याकडे लागला आहे, उत्तर लवकर लिही.
आत्ती


अकॅडमी, फलटण
९ जानेवारी

ती. स्व. आत्तीस,
जय जिनेंद्र. शि. सा. न. वि. वि.

आईचं वाचलं. त्याबद्दल आत्ता लिहीत नाही. भेटल्यावर सगळं सांग, काही न वगळता.

सरांकडे गेले. तीन दिवस त्यांच्या खोलीपर्यंत जाऊन परत आले, चौथ्या दिवशी सोनियाने मागून ढकललं, अक्षरशः. सर भयंकर चिडले. नियमावर नाही, माझ्यावर. दोन महिने ते माझ्या पायांचं वेळापत्रक बदलत बसले होते, रात्री वही घेऊन, तेही पोट रिकामं आहे हे मला सांगता आलं नाही म्हणून. फौजेत असं केलं असतंस तर तुझ्यामुळे दुसरा मेला असता, असं म्हणाले. मग हरणाबाईंना बोलावून विचारलं की पाच वाजता स्वयंपाक होईल का. त्या म्हणाल्या की चारला होईल, पण मला दोन महिन्यांत कुणी विचारलंच नाही! आणि माझ्याकडे बघून त्यांनीही मला झापलं.

आता पाच वीसला मला सुटी. भाकरी, मटकी, दूध, केळं. मग वीस मिनिटं विश्रांती आणि नंतर गोळाफेक, कारण भरल्या पोटी धावता येत नाही. पोरी दोन दिवस हसल्या. तिसऱ्या दिवशी माण तालुक्यातल्या दोघी म्हणाल्या की आम्हालाही पाचलाच भूक लागते. आता आम्ही पाच जणी असतो.

एक अडचण सरांनीच काढली. मैदानाच्या दिवशी पहाटे पाचला हजर व्हायचं असतं आणि पहिल्या तुकड्या उजाडायच्या आत धावतात. म्हणजे मी आदल्या संध्याकाळपासून रिकामी. सर म्हणाले की मग तसाच सराव करू. आता मंगळवार-शुक्रवार मी सहाला, अंधारात, काही न खाता आठशे धावते. पहिल्या दिवशी तीन बारा. आज तीन दोन.

लाव कागदावर. फाडलेला नाहीस ना?

तुझी,
ब्राह्मी


विश्रामबाग
८ फेब्रुवारी

चि. ब्राह्मीस,
अनेक आशीर्वाद.

कागद शाबूत आहे. मागच्या आठवड्यातली दोन चोपन्न लावली.

पुढच्या सोमवारी मैदान. माझी एकच विनंती आहे आणि विनंतीच आहे, हुकूम नव्हे. धावण्याआधी चक्कर आल्यासारखं झालं तर सरळ केळं खा. सूर्य उगवला की नाही ते बघत बसू नकोस. महाराजांना मी बघते. तू म्हणशील ही बाई पुन्हा बदलली. बदलले. मला घोकायला एक पाढा द्यावा तसा तुझा आठवड्याचा प्रत्येक तास माझ्या डोक्यात फिरतो, आणि मी काहीही करू शकत नाही. याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

मदन येणार आहे तुझ्याबरोबर. जयसिंगपूरच्यांनी उत्तरासाठी महिनाअखेर दिली आहे.

बाकी काय लिहू. धाव.
आत्ती


सातारा
१७ फेब्रुवारी

ती. स्व. आत्तीस,
जय जिनेंद्र. शि. सा. न. वि. वि.

बाबांनी काल फोनवर तुला सांगितलंच असेल, पण त्यांनी उलटसुलट सांगितलं असणार, म्हणून लॉजवर बसून लिहिते.

साडेचारला आम्ही गेटबाहेर रांगेत होतो. सगळ्यांच्या हातात केळी, बिस्किटं. बाबांच्या पिशवीतही केळी होती, तू दिलेली, मला न सांगता. चक्कर आली नाही, म्हणून खाल्लं नाही. माझी तुकडी सहा वीसला धावली, नुकतं उजाडू लागलं होतं, पण सूर्य नव्हता. पहिल्या फेरीत मी सातवी होते. दुसऱ्या फेरीत मला एकदम कळलं की हे माझ्या ओळखीचं आहे, हा अंधार, हे रिकामं पोट. बाकीच्या मुली त्या वेळेला पहिल्यांदा धावत होत्या. मी बाराव्या-तेराव्यांदा धावत होते.

दोन मिनिटं एक्कावन्न. हो, एका सेकंदाने पूर्ण गुण गेले. केळं खाल्लं असतं तर, असं तू म्हणणार. म्हण. मी काल दिवसभर तेच म्हटलं आणि मग थांबवलं. गोळा आणि शंभर मीटर चांगले झाले. आज यादी लागली, लेखी परीक्षेसाठी माझं नाव आहे, वरून एकोणिसावं. सोनियाचं सहावं आहे. ती यादीपुढे उभी राहून मला म्हणाली की तुमी मोठे होता कशावर ते तिला अजून कळलेलं नाही.

यादी बघून झाल्यावर आम्ही चहाला बसलो. बाबांनी चहा बशीत ओतला. तू बोलू नकोस म्हणाली होतीस, पण मी बोलले. जयसिंगपूरला नकार कळवा, असं मी त्यांच्याकडे मागितलं. मैदान झालं म्हणून नव्हे, मला आत्ता लग्न करायचं नाही म्हणून. लेखीत नाव आलं नाही तर पुन्हा धावेन, तेव्हाही लग्न नाही. बाबांनी बशीतला चहा पूर्ण प्यायला. मग म्हणाले की हे मी मागच्या वर्षीच म्हटलं असतं तर त्यांनी त्या लोकांना एवढं ताटकळत ठेवलंच नसतं. मी काही म्हटलं नाही म्हणून त्यांना वाटलं की मला चालणार आहे. आत्ती, मला हसावं की ओरडावं कळेना. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला.

लेखीला सात आठवडे आहेत. गणितात मी वाईट आहे. शेकडेवारी, काळ-काम-वेग, नळ आणि टाकी, काहीच येत नाही. अकॅडमीत विचारायला लाज वाटत होती, ती आता परवडणार नाही. तू जुलैपासून मला न मागता पुष्कळ काही दिलंस. आज मी मागते आहे. दर आठवड्याला वीस गणितं काढून पाठव, अवघड काढ, आणि चुकलेली तपासून परत पाठव. आलेख काढलास तरी चालेल.

अक्षर मोठं काढ, रात्री दिवा मंद असतो.

तुझी विद्यार्थिनी,
ब्राह्मी